खाऱ्या पाण्याची पक्कड

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आहे ती कृष्णा. महाबळेश्वरात उगम पावते, माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा पोटात घेते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं निघून जाते. इथला गळवाला म्हणूनच गोड्या पाण्याचा. मरळ, वाम, कटला, रोहू आणि अलीकडं जिथं तिथं चिलापी, एवढाच त्याचा संसार. कोयनेचं मात्र जरा वेगळं. शिवसागर जलाशयातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरतं, पोफळीकडं टर्बाइन फिरवतं, वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाऊन खारं होतं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं या पश्चिमेच्या वाटेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली, म्हणून उरलेलं तरी कृष्णेला मिळतं.

त्या पाण्याच्या मागोमाग आता गळवालेही घाट उतरू लागलेत. दिवाळी होते, समुद्र निवळतो आणि शनिवारी पहाटे कुंभार्ली घाटात टपावर प्लॅस्टिकची कयाक बांधलेली एखादी एमएच ११ किंवा एमएच ५० गाडी दिसते. सांगली-मिरजेकडचे आंबा घाटानं रत्नागिरीला, नाहीतर त्याहून खाली मालवण-देवबागला जातात. रॉड ऑनलाइन मागवलेला, रीळ जपानी, लाइफ जॅकेट नवं. पक्कड मात्र घरातल्या इलेक्ट्रिकच्या डब्यातली. रविवारी रात्री ती पिशवीत तशीच राहते आणि पुढच्या शनिवारी तिचं तोंड उघडत नाही.

मग माणूस दुकानात जाऊन ‘एसएसची पक्कड द्या’ म्हणतो. दुकानदार खोटं बोलत नाही. तो एसएसचीच, म्हणजे स्टेनलेस स्टीलचीच देतो. तीही महिन्याभरात सांध्याशी तांबूस होते. या लेखाचा विषय तो तांबूस डाग आहे. तो का पडतो हे कळलं की पक्कड निवडायला फार वेळ लागत नाही.

आधी कयाकवर पक्कड करते काय ते सांगायला हवं. तांबोशी, गोबरा, कोकर या माशांच्या जबड्यात बोट घालून गळ काढायची सोय नसते. शिंगाळ्याचे काटे विषारी, पाकटाची शेपटी त्याहून वाईट. शिवाय हल्ली नकली मासोळीला तीन तोंडांचे दोन-दोन गळ असतात. एक माशाच्या तोंडात आणि दुसरा मोकळा, तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. ट्रॉलरवर उभं राहून हे काम करणं वेगळं आणि पाण्याच्या पातळीला बसून, मांडीवर वल्हं आडवं ठेवून, एका हातात फडफडणारा मासा धरून करणं वेगळं. पक्कड एकाच हातानं चालली पाहिजे, मूठ सैल केली की आपोआप उघडली पाहिजे आणि ओल्या हातातून सटकता कामा नये. आणि ती दिवसभर भिजलेलीच असते. होडीत कोरडा कोपरा सापडतो. कयाकमध्ये प्रत्येक लाट तुमच्या मांडीवरून जाते, कमरेच्या पाकिटात पाणी साचतं, ऊन लागलं की ते आटतं आणि मीठ मागं राहतं. पुन्हा लाट येते, पुन्हा ऊन. धातू लवकर संपवायचा असेल तर प्रयोगशाळेतही थोडंफार असंच करतात.

आपल्या नळाच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं. घरातल्या डब्यातली पक्कड कृष्णेवर दहा वर्षं टिकली म्हणून समुद्रावर दोन वर्षं तरी टिकेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. ज्यांच्या शेतात क्षार वर आलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत उसाला पाणी देऊन देऊन ज्या जमिनी पांढऱ्या पडल्या, तिथं कुंपणाची तार किती लवकर कुजते आणि बोअरची पाइप कशी चाळण होते हे तिथले शेतकरी जाणून आहेत. समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर बसून त्यांनी खाऱ्या पाण्याशी व्यवहार केलेला आहे.

स्टेनलेस स्टील हे मुळात काही एक पोलाद नव्हे, तो एक मोठा गोतावळा आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं ऑगस्ट १९१३मध्ये ज्या पोलादाचा रस ओतला त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता. नळ्या बाजूला राहिल्या आणि सुऱ्या-काटे तयार झाले. जर्मनीत एसेनला क्रुप कारखान्यात मॉरर आणि स्ट्राउस यांनी त्याच सुमारास क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून दुसरी शाखा काढली. शंभर वर्षांनंतरही पक्कड निवडताना हीच दोन घराणी समोर येतात, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

दोघांचं तत्त्व एक. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असेल तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. जाडी काही नॅनोमीटर, डोळ्यांना दिसत नाही. दुधावरची साय बाजूला केली की पुन्हा धरते, तसा हा थर ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनवर पुन्हा जमतो. क्लोराइडची खोड अशी की ते हा थर सगळीकडून खरवडत नाही. एखादा कच्चा बिंदू शोधतं आणि तिथंच भोक पाडतं. बाकीची पक्कड लखलखीत दिसते. त्या भोकात एकदा काम सुरू झालं की आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि खोदाई आपल्याआपण चालू राहते.

हा हल्ला कोणतं पोलाद किती सोसेल, याचा एक सोपा आकडा धातुशास्त्रवाले काढतात. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्केवारीची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. घरातल्या चांगल्या भांड्यांचं ३०४ पोलाद, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं, या हिशेबानं अठरा-वीसच्या घरात येतं. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते चोवीस-पंचवीसला पोचतं. कायम समुद्रात बुडालेल्या वस्तूला चाळीस लागतात असं धरून चालतात. सुऱ्या आणि पकडींचं ४२० पोलाद तेराच्या आसपास. आकडे एकदा असे शेजारी मांडले की ‘एसएस’ या दोन अक्षरांवर विसंबून पैसे मोजणं किती भाबडं आहे ते दिसतं.

हे ज्ञान मिळवायला आपल्याला परदेशी कॅटलॉग चाळायची गरज नाही. या दोन जिल्ह्यांत दुधाचा धंदा आहे, साखर कारखाने आहेत, त्यांच्या आसवन्या आहेत. कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणारा कुठलाही जुना कारागीर तीनशे चार आणि तीनशे सोळा यांतला फरक झोपेत सांगेल. दुधाच्या टाकीला काय चालतं, क्लोरीनच्या पाण्यानं धुतली तर वेल्डशेजारी बारीक खड्डे का पडतात, हे त्याच्या रोजच्या कटकटीतले प्रश्न. अशाच एका कारागिराला मी चुंबकाची युक्ती विचारली. भांड्यांच्या बाजारात सगळे करतात ती: चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल. तो म्हणाला, “साहेब, त्यानं निकेल कळत नाही. दोनशे दोन नंबरलाही चिकटत नाही आणि त्याला तर आमटीसुद्धा झेपत नाही.” आमटीचं जरा जास्तच झालं, पण मुद्दा बरोबर होता. २०० मालिकेतल्या पोलादात महाग निकेलच्या जागी मँगनीज घालतात. चुंबक त्यालाही सोडून देतो, पण मिठापुढं ते ३०४च्या पासंगालाही पुरत नाही. उलट चुंबक चिकटणारी पक्कड वाईटच असते असंही नाही.

कारण पकडीला नुसतं गंजापासून वाचायचं नसतं, तिला चावायचंही असतं. हा या विषयातला खरा पेच. ३०४ आणि ३१६ ही निकेलवाली मंडळी भट्टीत तापवून पाणी दिल्यानं कडक होत नाहीत. त्यांच्या पकडीनं तार तोडायला गेलं तर धारेलाच खाच पडते. धार धरायला कार्बन लागतो. ४२० किंवा ४४०सी पोलादात तो असतो म्हणून ती कडक होतात. ४४०सीमध्ये तर क्रोमियम १६ ते १८ टक्के, कागदावर ३०४ला जवळजवळ तोडीस तोड. पण एक टक्क्याच्या आसपास असलेला कार्बन त्यातलं बरंच क्रोमियम स्वतःशी बांधून कार्बाइडचे कण करतो आणि थर धरायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. म्हणजे जितकी धार, तितका गंज. ब्रिअर्लीच्या वारसांना ही गाठ आजही पूर्ण सुटलेली नाही. जो विक्रेता एकाच धातूची पक्कड दाखवून ‘तारही तोडते आणि कधीच गंजत नाही’ असं सांगतो, त्याच्याकडून निदान कोणतं पोलाद आहे एवढं तरी वदवून घ्यावं.

शहाण्या कारागिरांनी यावर कामाची वाटणी केली. अंग एका धातूचं, जबडा दुसऱ्याचा, कात्री तिसऱ्याची. समुद्रावरच्या बऱ्या पकडीत आज हेच दिसतं: ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचे दांडे, स्टेनलेसचा जबडा आणि स्क्रू काढून बदलता येणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या दोन छोट्या पात्या. वजन कमी, धार पक्की. पण या वाटणीनं नवं भांडण घरात आणलं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांचा विजेचा घट तयार होतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यात मार खातं ते ॲल्युमिनियम. ॲनोडाइजचा रंगीत थर जिथं उडाला तिथं, म्हणजे नेमकं स्क्रूच्या डोक्याखाली, पांढरी भुकटी धरते. स्क्रू जाम होतो आणि पाती बदलायची सोय कागदावर राहते. नवी पक्कड आणली की पहिल्याच दिवशी सगळे स्क्रू काढून त्यांना ग्रीस लावून परत बसवावेत. पेटीतून काढून थेट समुद्रावर नेणाऱ्याचे पैसे इथंच वाया जातात.

वेगवेगळ्या धातूंचा असा संसार पाण्यात चालवण्याचं काम सांगली जिल्ह्यातलं एक गाव शंभर वर्षं करत आलंय. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली. सुरुवात नांगरापासून, लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं अशी शंका असलेला तो काळ, त्यामुळं पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढं त्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी पंपांची झाली.

बिडाचा पंप विहिरीवर जन्मभर चालतो. त्याच बिडाला समुद्राचं पाणी दिलं तर विचित्र प्रकार होतो: बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि त्यातला ग्रॅफाइट जागेवरच राहतो. आकार तसाच, रंगही जवळपास तसाच, आणि सुरीनं खरवडलं तर मऊ. समुद्रातून वर काढलेल्या जुन्या तोफांचं असंच झालेलं आढळतं. म्हणून औष्णिक वीजकेंद्रांना समुद्राचं पाणी उपसून देणाऱ्या पंपांत बीड चालत नाही. तिथं निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ येतं, ड्युप्लेक्स आणि सुपर ड्युप्लेक्स पोलादं येतात. क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मघाच्या हिशेबानं सुपर ड्युप्लेक्सचा आकडा चाळीसच्या पुढं. त्याची पक्कड का मिळत नाही, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर साधं आहे: ते घडायला अवघड, महाग, आणि धार धरायला तेही पुरेसं कडक होत नाही. ब्राँझची पक्कड मात्र मिळते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत ठिणगी उडू नये म्हणून ॲल्युमिनियम ब्राँझची आणि बेरिलियम तांब्याची हत्यारं वापरतात. लोखंडासारखी ती गंजत नाहीत. पण किंमत ऐकून आपण परत घाट चढून येऊ, आणि पोलादी गळ तोडायला ब्राँझ मऊच.

समुद्रात लोखंडावर विसंबू नये, हे घाटावरच्या राज्यकर्त्यांच्या कारागिरांनाही कळलेलं असावं. मालवणच्या सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिशात बसवल्याचं सांगितलं जातं. १६६४ साली सुरू झालेलं ते काम. लोखंडाच्या कड्या घातल्या असत्या तर गंज फुगून दगडच फुटले असते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. किनाऱ्यावरच्या बंगल्यांचे स्लॅब आतल्या सळीमुळं पोपडे टाकतात तेही याच कारणानं. आणि पक्कड गंजल्यावर नुसती घट्ट न होता अगदी आवळून बसते, तेही.

आता टायटॅनियम. खऱ्या टायटॅनियमला समुद्राचं पाणी काहीही करत नाही, यात अतिशयोक्ती नाही. व्हॅन स्टालसारख्या अमेरिकन कंपन्यांनी त्याच्या पकडी काढल्या आणि त्या आपल्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. गंमत म्हणजे रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू पायाला लागते तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. कयाक ढकलताना आपण त्या धातूवरून चालतो आणि पक्कड मात्र पोलादाची नेतो. बाजारात स्वस्तात ‘टायटॅनियम पक्कड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा साध्या पोलादावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा असतो. कडक, दिसायला झोकदार. पण मुलाम्याखालचं पोलाद तेच. निकेल आणि क्रोमच्या मुलाम्याचंही तसंच. सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की गंज आतून पसरतो आणि पापुद्रे सुटतात. मुलाम्याची पक्कड घेण्यापेक्षा सरळ साधी पक्कड घ्यावी, निदान काय चाललंय ते दिसतं तरी.

साधी म्हणजे नाशिकच्या टपारियाची किंवा तसलीच कुठलीही, सांगलीच्या गणपती पेठेत टांगलेली नोज पक्कड. तिच्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी लिहितो. वर्षातून तीन-चारदाच खाली उतरणार असाल तर हीच घ्या, तेल पाजा आणि दरवर्षी नवी आणा. कार्बन पोलादाची धार चांगली असते, गळ कडकन तुटतो, आणि समुद्रात पडली तर जीव तुटत नाही. दर पंधरवड्याला जाणाऱ्यानं मात्र ॲल्युमिनियम-स्टेनलेस-कार्बाइडची वाटणीवाली घ्यावी. ती घेताना जबडा मिटून उजेडासमोर धरावा; कात्रीच्या पात्यांमधून फट दिसली तर ब्रेडेड दोरी तिच्यात कापली न जाता नुसती दुमडते. सांधा रिव्हेटचा आहे की स्क्रूचा, ते बघावं. रिव्हेटचा सांधा उघडून साफ करता येत नाही, आणि पक्कड मरते ती सांध्यातच. तिथं दोन पानं एकमेकांवर घट्ट बसलेली असतात, पाणी शिरतं पण हवा शिरत नाही, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा तो थर पुन्हा धरायला ऑक्सिजनच नसतो. ३१६सुद्धा अशा फटीत गंजतं. स्प्रिंग कुठल्या तारेची आहे हेही विचारावं. सगळी पक्कड भारी आणि आतली स्प्रिंग फुटकळ, हा प्रकार मी महागड्या मालातही पाहिलाय.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं आहे आणि निवडीपेक्षा त्यानंच जास्त फरक पडतो. परतीच्या वाटेवर चिपळूणला जेवायला थांबाल तेव्हाच बाटलीभर गोड्या पाण्यात पक्कड उघडझाप करत धुवावी, कारण मीठ एकदा सांध्यात वाळलं की नुसत्या धारेनं निघत नाही. मग पुसून, वाळवून तेल. डब्ल्यूडी-४० या नावातच पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न असा अर्थ आहे. १९५३मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीनं ते क्षेपणास्त्रांचं पोलाद गंजू नये म्हणून बनवलं. पाणी हटवायला ते उत्तम, पण थोड्या दिवसांत उडून जातं. त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडावेत.

स्क्रूसाठी बोटीवाले लॅनोलिनचं ग्रीस वापरतात. हे मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण. आयात केलेल्या डबीवर निळ्या समुद्राचं चित्र असतं, पण वस्तू ओळखीची आहे: माणदेशात, जतच्या माडग्याळ भागात मेंढरं राखणाऱ्या धनगराच्या हाताला कातरणीच्या दिवसांत जो चिकट ओशटपणा लागतो, तोच. घोंगडी पावसाचं पाणी बराच वेळ आत येऊ देत नाही त्यातही त्याचा वाटा असतो.

गळाबद्दल मात्र उलटा नियम. दोरी तुटून मासा गळासकट सुटला तर तो गळ लवकर कुजून गळून पडावा म्हणून बरेच जाणते लोक स्टेनलेसचा गळ टाळतात आणि साधा, गंजणारा वापरतात. तोच गळ कधीतरी तुमच्या बोटात शिरतो. काटेरी टोक आत गेल्यावर मागं ओढायचा प्रयत्न करू नये. गळाचा दांडा पकडीनं तोडून मासोळी आणि मासा आधी वेगळे करावेत आणि उरलेलं डॉक्टरवर सोडावं. किनारा दोन किलोमीटर लांब आणि दुसऱ्या गळाला मासा अजून हिसके देतोय, अशा वेळी पात्यांची धार आणि न अडकणारा सांधा यांच्यावरच सगळं येतं. म्हणून माझा आग्रह: समुद्रावर जाण्याआधी घरीच, सर्वांत जाड गळ घेऊन, डाव्या हातानं तो तोडून बघावा. तुटला नाही तर पक्कड कितीही चकचकीत असो, ती इलेक्ट्रिकच्या डब्यात परत जावी.

आणि तिला दोरी हवी. ॲल्युमिनियम हलकं म्हणतात, पण तरंगत नाही. बहुतेक पकडींबरोबर फोनच्या वायरसारखी गुंडाळी झालेली दोरी येते आणि तिच्या टोकाला एक छोटी कडी असते. तपासून बघा: ३१६, कार्बाइड, ॲनोडाइज वगैरे सगळं सांगून झाल्यावर ती कडी बहुधा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची निघते, आणि सगळ्यांत आधी तीच तुटते. मी ती काढून टाकतो आणि नायलॉनची दोरी थेट कयाकच्या कडेला गाठ मारून बांधतो.